किती चालली, किती देते

जुनी गाडी पाहायला गेलेले गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला, ‘किती चालली आहे?’ आणि दुसरा, ‘ॲव्हरेज किती देते?’ विकणाराकडे दोन्हींची उत्तरे तयार असतात आणि ती ऐकायला गोडच असतात. पोत्यात हात घालून मूठभर धान्य तळहातावर घेतल्याशिवाय भाव न बोलणारा, हुंडीवरील सही दोनदा निरखणारा व्यापारी मोटारीच्या बाबतीत मात्र समोरच्याच्या शब्दावर चार-पाच लाख रुपये मोजतो. गाडीचे मीटर हाही कुणीतरी लिहिलेला एक आकडाच आहे, आणि जो आकडा लिहिता येतो तो पुसताही येतो, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी अडतीचा धंदा असलेल्या एका एकत्र कुटुंबावर गेल्या हिवाळ्यात असा प्रसंग आला. घरातील आजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सोलापूरला न्यावे लागे. अंतर साठ किलोमीटर. अकराची पाळी, चार तासांची प्रक्रिया. तीनला सुटून आजींना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे असे, कारण इतक्या आजारातही त्यांनी चोविहार सोडलेला नव्हता. गावातील एक भाड्याची गाडी ठरलेली होती, फेरीला अठराशे रुपये. लग्नसराई सुरू झाली तशी ती गाडी दोनदा आलीच नाही. दुसऱ्या खेपेस दुसरी गाडी मिळेपर्यंत पाळी हुकली, आणि त्या रात्री आजींना धाप लागून गावातील डॉक्टरांना घरी बोलवावे लागले. सकाळी मोठ्या काकांनी पेढीवर बसता बसता सांगून टाकले की घरची गाडी घ्यायची, पण नवी नाही. हंगाम तोंडावर असताना एवढी रक्कम अडकवता येणार नाही.

काकांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. तुरीचा भाव क्विंटलला सात हजार धरला, तर सव्वाचार लाख रुपये म्हणजे साठ क्विंटल तूर. तो पैसा हंगामात दोन-तीनदा फिरतो. मोटारीत घातलेला पैसा फिरत नाही, झिजतो. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या कोष्टकाने ठरवतात, त्यात दुसरे वर्ष संपता संपता मूळ किमतीतून २० टक्के, चौथे संपताना ४० टक्के आणि पाचव्याअखेर ५० टक्के घसारा धरलेला असतो. ही घट आधीच्या मालकाने सोसावी आणि उरलेले आयुष्य आपण वापरावे, एवढाच जुन्या गाडीच्या खरेदीचा अर्थ. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला व उपकरही गेला, त्यामुळे नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. नवी स्वस्त झाली की जुनीने आपोआप उतरायला हवे, पण जुन्याचे विक्रेते हे स्वतःहून सांगत नाहीत. गिऱ्हाइकानेच त्याची आठवण करून द्यावी लागते.

शोध घेता घेता दोन गाड्या राहिल्या. दोन्ही २०१८ सालच्या. एक डिझेलची, महामार्गावरील एका विक्री केंद्रात उभी, मीटरवर ५२ हजार किलोमीटर, किंमत सव्वापाच लाख. दुसरी पेट्रोलची, सोलापुरातील एका निवृत्त प्राध्यापकांच्या दारातली, मीटरवर ७८ हजार, किंमत चार लाख चाळीस हजार. काकांचे मन डिझेलवर बसले. कमी चाललेली आणि जास्त देणारी; दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्याच बाजूची होती. वाणिज्य शाखेत शिकलेला पुतण्या कागद घेऊन बसला.

सोलापूरच्या फेऱ्या वर्षाला १२,४८० किलोमीटर होतात. वसुली, नातेवाईक, कुंथलगिरीची एखादी फेरी मिळून १५ हजार धरले. डिझेल लिटरला ९२ रुपये आणि गाडी वीसचे ॲव्हरेज देणारी, म्हणजे वर्षाला ७५० लिटर, ६९ हजार रुपये. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज पंधरा, म्हणजे हजार लिटर, एक लाख पाच हजार. पण पंधराचा आकडा प्राध्यापकांनी पूर्वीच्या वर्षांचा सांगितला होता. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. जुन्या रचनेच्या मोटारींचे ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला होता. ज्यांच्या शिवारातील उसापासून ते इथेनॉल होते, त्याच जिल्ह्यांतील लोकांना हा हिशेब पेट्रोल पंपावर भेटतो, हीही एक गंमतच. पुतण्याने पंधराचे चौदा केले. खर्च एक लाख साडेबारा हजारांवर गेला आणि डिझेलची बचत वर्षाला साडेत्रेचाळीस हजार निघाली. किमतीतला पंच्याऐंशी हजारांचा फरक दोन वर्षांत फिटत होता. कागदावर डिझेलच जिंकत होते, आणि ते पुतण्याने प्रामाणिकपणे काकांना दाखवलेही.

येथे ॲव्हरेजविषयी थोडे सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण या एका शब्दावर जेवढे सौदे होतात तेवढे दुसऱ्या कशावरही होत नसतील. जाहिरातीत दिसणारा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो. पुण्यात वेताळ टेकडीलगत असलेली ‘एआरएआय’ ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था. तेथे गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत इंधन मोजले जाते. त्यात खड्डे नाहीत, एसी नाही, मागच्या सीटवर तीन माणसे व डिकीत सामान नाही. तो आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करायला उपयोगी, घरखर्चाच्या अंदाजपत्रकाला नव्हे. खरे ॲव्हरेज कळण्याचा मार्ग एकच: टाकी काठोकाठ भरावी, मीटर लिहून ठेवावे, दोन-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा.

शिवाय लिटरला किलोमीटर हे मोजमापच थोडे फसवे आहे. दहाचे ॲव्हरेज देणाऱ्या गाडीऐवजी बाराचे देणारी घेतली, तर हजार किलोमीटरमागे सतरा लिटर वाचतात. विसाऐवजी बाविसाची घेतली, तर जेमतेम साडेचार. दोन्हीकडे फरक ‘दोनचाच’, पण पहिल्यात वाचणारे पैसे जवळजवळ चौपट. म्हणजे मोठ्या, पिणाऱ्या गाड्यांत ॲव्हरेजची घासाघीस सार्थ आहे. लहान गाड्यांत अठरा की एकोणीस यावर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही. पुतण्याच्या हिशेबात पेट्रोल गाडीचा इंधनखर्च किलोमीटरला साडेसात रुपये येत होता. ॲव्हरेज एकाने वाढले असते तर तो सात झाला असता, म्हणजे पन्नास पैशांचा फरक. तीच गाडी सव्वाचार लाखांना घेऊन पाच वर्षांनी पावणेदोन लाखांना विकली, तर पंचाहत्तर हजार किलोमीटरवर किमतीची झीज किलोमीटरला तीन रुपये तेहतीस पैसे. दुरुस्तीला वर्षाकाठी पंचवीस हजार व विम्यासह इतर बारा हजार धरले, तर आणखी अडीच रुपयांच्या आसपास. सगळे मिळून तेरा रुपये तीस पैसे. या दराने सोलापूरच्या फेऱ्यांना वर्षाला एक लाख सहासष्ट हजार पडणार होते. भाड्याच्या गाडीला पडत होते एक लाख सत्त्याऐंशी हजार. काकांना हा आकडा पटेना. एवढा खटाटोप करून वर्षाचे एकवीस हजारच वाचणार? पण तेवढेच वाचणार होते. गाडी घ्यायची होती ती पैसे वाचवायला नव्हे, तर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेनऊला ती दारातून निघावीच म्हणून.

हे एकदा स्पष्ट झाल्यावर दुसऱ्या प्रश्नाचे, ‘किती चालली’ याचे, महत्त्व बदलले.

कमी चाललेली गाडी चांगली, ही समजूत अर्धवट खरी आहे. शहरात दुकान ते घर एवढीच फिरणारी गाडी आठ वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर चालते, पण तिचे इंजिन पुरते गरम होण्याआधीच बंद होते. तेलात ओलावा राहतो, रबराचे भाग वयाने कडक होतात, बॅटरी कधी पुरेशी भरत नाही. वर्षाला अठरा हजार किलोमीटर महामार्गावर एकसारख्या वेगाने धावलेली, वेळेवर तेल बदललेली गाडी पुष्कळदा तिच्यापेक्षा निरोगी असते. विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते; ती साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर न्यावीच लागते. रोज चार किलोमीटर फिरण्यासाठी तशी डिझेल गाडी घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे. म्हणून किलोमीटरचा आकडा एकटा वाचायचा नसतो. त्याच्यासोबत गाडीचे वय आणि तिची वही वाचायची असते.

ही वही म्हणजे सर्व्हिसिंगची बिले. बहुतेक गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग ठरलेले असते. म्हणजे सात वर्षांच्या गाडीची निदान सात बिले हवीत, आणि प्रत्येक बिलावर तारीख आणि मीटर दोन्ही. रोजमेळ तपासणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. पूर्वीची काट्याची मीटरे हाताने मागे फिरवत. आताची आकड्यांची मीटरे संगणक जोडून बदलतात, आणि खूण राहत नाही. खूण राहते ती इतरत्र. ब्रेकच्या पायट्याचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगची कातडी चकाकणारी, चालकाच्या सीटची कड खचलेली आणि मीटर मात्र तीस हजार, असे असेल तर काहीतरी जुळत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते; ‘२२२३’ म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा. २०१८ च्या गाडीचे टायर २०२१ चे आणि मीटर पंचवीस हजार, तर पहिले टायर एवढ्या लवकर का गेले, हे विचारलेच पाहिजे.

पुतण्याने डिझेल गाडीची बिले मागितली. ‘आधीच्या मालकाकडे राहिली’ हे उत्तर आले. मग त्याने विम्याची प्रत मागितली, आणि येथे एक गोष्ट त्याला दिसली जी सहसा कुणी पाहत नाही. विम्याच्या कागदावर ‘नो क्लेम बोनस’चा टक्का छापलेला असतो. मालकाने सलग पाच वर्षे दावा केला नसेल, तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत चढते. दावा केला की शून्यावर येते. ती मालकाची असते, गाडीची नव्हे, त्यामुळे घेणाऱ्याला मिळत नाही. पण तिच्यात गाडीचा पूर्वेतिहास लपलेला असतो. ‘एक ओरखडासुद्धा नाही’ म्हणून सांगितलेल्या त्या गाडीच्या कागदावर शून्य होते. अर्थात शून्याची दुसरीही कारणे संभवतात. मालक बदललेला असतो किंवा विमा संपून नव्वद दिवस उलटून गेलेले असतात. म्हणून पुतण्या थेट त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात गेला. तेथे ओळखीचे कुणी होते म्हणून संगणकात गाडीचा क्रमांक घालून पाहता आला. जून २०२२ मध्ये ती गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा मीटरवर ७१ हजार होते.

‘काका, साडेतीन वर्षांत गाडी एकोणीस हजार किलोमीटर मागे गेली,’ एवढेच तो घरी येऊन म्हणाला. विक्री केंद्रात विचारले तेव्हा मीटर बदलले असेल, असे सांगण्यात आले. काकांनी त्यावर वाद घातला नाही. घरी येताना मात्र ते म्हणाले, ‘ॲव्हरेजचा हिशेब तुझा बरोबर होता. पण त्याने मांडून दिलेल्या गाडीचा होता.’

खरी नोंद असलेली डिझेल गाडी मिळाली असती, तर वर्षाला पंधरा हजार चालवणाऱ्या या घराला ती परवडली असती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२० नंतर लहान डिझेल मोटारी बाजारात फारशा राहिल्या नाहीत. ज्या आहेत त्या जुन्या होत चालल्या आहेत. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांना तिकडची ना-हरकत, महाराष्ट्रातील नवी नोंदणी आणि येथील कर हे सगळे घेणाऱ्याला निस्तरावे लागते. डिझेलच्या इंजेक्टर, पंप आणि टर्बो या भागांची दुरुस्तीही खर्चाची, शिवाय ती तालुक्याच्या गावी होईलच असे नाही. विश्वासार्ह गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी नव्हे. तशी गाडी नसते. जी बिघडण्यापूर्वी कुरकुरते, जिचा भाग संध्याकाळपर्यंत मिळतो आणि जी गावातल्या मिस्त्रीला उघडता येते, ती विश्वासार्ह. शेव्हरोले २०१७ अखेर भारतीय बाजारातून गेली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. त्यांच्या चांगल्या गाड्याही आज कमी भावात मिळतात. पुण्या-मुंबईत त्या सांभाळता येतील, पण आडबाजूला राहणाऱ्याने भाग कुठून आणि किती दिवसांत येणार, हे आधी विचारून घ्यावे.

पुराच्या गाड्यांचा उल्लेख आपल्या भागात केलाच पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला पाण्याखाली गेलेल्या गाड्या सगळ्याच भंगारात गेल्या नाहीत. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. त्या लिलावात विकल्या जातात आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. वरचा भाग कुणीही धुतो, पण आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालचे बोल्ट गंजलेले आहेत का, जाजमाखाली कुबट वास आहे का, तेही पाहावे.

प्राध्यापकांच्या गाडीची सात वर्षांची बिले एका फायलीत क्रमाने लावलेली होती. मुलीकडे पुण्याला दर पंधरवड्याला जाणे होई, त्यामुळे किलोमीटर जास्त. विम्यावर ५० टक्के बोनस. गावचे मिस्त्री सोबत नेले होते. त्यांनी आदल्या रात्रीच निरोप दिला होता की सकाळी कुणी गाडी सुरू करून ठेवू नये. गार इंजिन एका दमात सुरू होते की नाही, सुरुवातीचा धूर निळा आहे का (म्हणजे तेल जळते), पांढरा धूर निघतच राहतो का (म्हणजे पाणी आत जाते), तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर आहे का, हे गार गाडीतच कळते. थर नव्हता, धूरही नव्हता. पण अर्ध्या तासाच्या फेरीनंतर मिस्त्री म्हणाले, ‘शेठ, गाडी खरी आहे, पण क्लच संपत आलाय. पुढच्या चाकांची बुशं बदलावी लागतील, बॅटरीही पाच वर्षांची आहे. बावीस हजार धरून चाला.’ काकांनी ती यादी प्राध्यापकांपुढे ठेवली, नव्या गाड्यांच्या उतरलेल्या भावाचीही आठवण दिली. चार लाख पंचवीस हजारांवर सौदा झाला.

कागदपत्रांत काकांची एक सवय आड येत होती. त्यांना निम्मी रक्कम रोखीत द्यायची होती. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. प्राध्यापकांनी नम्रपणे बँकेतूनच रक्कम मागितली. गाडी पेढीच्या नावावर घ्यावी का, याचाही विचार झाला. अशा प्रवासी मोटारीवरील जीएसटीची वजावट व्यापाऱ्याला मिळत नाही. घसारा मिळतो, पण धंद्यासाठी वापर असेल तेवढाच, आणि पुढे पेढीने गाडी विकताना घसारा वजा केलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम आली तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. गाडी मुख्यतः आजींसाठी होती. ती पुतण्याच्या नावावर घेतली.

नाव बदलण्याची घाई मात्र दोन्ही पक्षांना असली पाहिजे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. नमुना २९ आणि ३० त्यासाठीच. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत आणि नमुना ३५. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्षात विकलेली असली, तरी आरसीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून फक्त सही केलेला विक्री-नमुना देऊन मोकळे होणारे विक्रेते स्वतःच्या गळ्यात फास ठेवून जातात. विम्यावरील नाव बदलण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. थकलेले ई-चलन, आरसीवरील बोजा आणि आपण कितवे मालक ठरणार, हे ‘एम-परिवहन’ ॲपवर सौद्याआधीच पाहता येते. तीन चलने निघाली, पंधराशे रुपयांची. ती प्राध्यापकांनी त्याच दिवशी भरली.

गाडी घरी आल्यावर पहिले चार दिवस ती मिस्त्रींकडे होती. क्लच, बुशे, बॅटरी आणि तेल मिळून खर्च चोवीस हजारांवर गेला, अंदाजापेक्षा दोन हजार जास्त. सोमवारी सकाळी साडेनऊला आजी मागच्या सीटवर बसल्या, पुतण्याने मीटर पाहून कप्प्यातल्या छोट्या वहीत पहिली ओळ लिहिली: तारीख, ७८,६४०, टाकी फुल्ल. परत येताना मोहोळच्या अलीकडे दहा मिनिटे वाहतूक अडली, तरी साडेचारला गाडी दारात होती. दुसऱ्या टाकीला ॲव्हरेज चौदा पूर्णांक तीन निघाले. काकांनी ते पाहिले आणि वही परत कप्प्यात ठेवली.